वतीनबाई

आई गेली त्याच्या एकोणिसाव्या दिवशी दादानं धाकटीला फोन केला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "मीच आहे गं. तपासत बसू नकोस."

"तूच असणार. तुझ्याकडे कुठे आहे वतीनराव?"

"नाहीच. आणि आईची वतीनबाई आता बंद करायला हवी. दोघांच्या सह्या लागतात म्हणे. उद्या साडेदहाला ये, मी दोन लिफ्टांच्या मधे वेळ काढतो."

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्यच दोन लिफ्टांच्या मधे चाललेलं असायचं.

आता ही वतीनबाई कोण, ते सांगायला हवं. फोन कंपनीनं ही सोय काढली तेव्हा तिचं नाव भलतंच लांबलचक होतं आणि जाहिरातीच्या तळाशी एक ओळ होती: वेळ नसेल, तर आम्ही तुमच्या वतीने बोलू. लोकांनी लांब नाव टाकून दिलं आणि 'वतीने' तेवढं उचललं. बाईच्या आवाजात बोलते ती वतीनबाई, पुरुषाच्या आवाजात बोलतो तो वतीनराव. तुमचे जुने फोन, तुमचे निरोप, तुमचं खाकरणं, तुमचं हसणं, सगळं दोन-तीन आठवड्यांत गिळून ती तयार व्हायची. मग तुम्ही आंघोळीला गेलात, कामात बुडालात किंवा तुम्हाला नुसता कंटाळा आला, तरी तुमच्या आवाजात, तुमच्याच थाटात ती बोलत राहायची. संध्याकाळी दोन ओळींचा गोषवारा पाठवायची. तो बहुतेक जण वाचत नसत.

समोरून बोलतंय ते माणूस की वतीन, हे मात्र विचारायचं नाही. ते अगदी असभ्य समजलं जायचं. धाकटीच्या छापखान्यातल्या मुख्य संपादकांचा वतीनराव खुद्द त्यांच्यापेक्षा इतका गोड होता की रजा मागायची असली की लोक ते बैठकीत असताना मुद्दाम फोन करायचे. रजा मिळायची. संपादकही कधी मोडता घालत नसत. घातला असता तर गोषवारा वाचत नाही हे कबूल करावं लागलं असतं.

या छापखान्यात पाठ्यपुस्तकं छापली जायची आणि धाकटी तिथे मुद्रितं तपासायची. सोळा वर्षं. चुका शोधून शोधून तिच्या डोळ्यांना तेच वळण लागलं होतं. आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा तिनं आधी वेलांट्या पाहिल्या, मग नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी फोन कंपनीच्या कचेरीत दोघं बाकावर बसून राहिले. नंबर पुकारला गेला. खिडकीमागची बाई सर्दीनं बेजार होती. "आवाज वेगळा वाटत असेल, पण मीच आहे," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली, कारण ती तर समोर बसलेली होती. "सवय झालीय हो. इथे सही करा. आणि इथे. वर्षभराच्या फोनांची ही यादी, वारसांना द्यावी लागते."

दादानं यादी न बघताच धाकटीकडे सरकवली. "घे. तुला वाचायला काहीतरी."

छापील कागद हातात आला की धाकटीची पेन्सिल आपसूक बाहेर यायची. यादीत तारीख, वेळ आणि मिनिटं यांच्यापुढे दोन रकाने होते, फोन करणारा आणि फोन घेणारा. प्रत्येकापुढे एक अक्षर: 'स्व' किंवा 'व'.

"स्व म्हणजे स्वतः," सर्दीवाल्या बाईंनी सांगितलं. "व म्हणजे..."

"कळलं."

धाकटीच्या नंबरवरून वर्षभरात एकावन्न फोन गेले होते. त्यातले अडतीस आईच्या बाजूला 'व' होते. तिनं पेन्सिलीचं टोक घसरवत खाली नेलं आणि एका गुरुवारपाशी थांबली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. करणारा: स्व. घेणारा: व.

ती ओळ तिनं पुन्हा वाचली. मग रकाने उलटेसुलटे तर छापले नाहीत ना, म्हणून वरची शीर्षकं पाहिली. यादी चोख होती.

हा गुरुवार समजायचा तर अकरा वर्षं मागे जायला हवं. आईचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे दादाच्या घराखालची एक खोली, एक मशीन, कापडं बेतायचं लांब टेबल आणि काज करायला बसणारी एक बाई. धाकटीनं हिवाळ्यासाठी एक कोट घेतला होता, तो खांद्यात सैल होता. आईनं तो घट्ट केला आणि पोरीला थंडी वाजेल म्हणून स्वतः छापखान्यात घेऊन आली. धाकटी तेव्हा नुकतीच कायम झाली होती. मुख्य संपादक तिथेच उभे होते. "या कोण?" त्यांनी सहज विचारलं. आणि धाकटीच्या तोंडून गेलं, "आमच्या शिवणाच्या बाई."

का गेलं, हे तिला आजतागायत कळलेलं नाही. आईची लाज वाटावी असं काही नव्हतं. आईच्या बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते, एवढंच.

आईनं काय करावं? आईनं कोट उलगडला, धाकटीच्या अंगावर चढवला, खांद्यावर दोन बोटं फिरवली आणि म्हणाली, "बघा मॅडम, काखेत दाटत असेल तर सांगा, सोडून देईन." पोटच्या पोरीला 'मॅडम'. आणि निघून गेली.

त्यावर अकरा वर्षांत दोघीही एक अवाक्षर बोलल्या नाहीत. दर आठवड्याला फोन होत होते. सर्दी-खोकला, दादाची मुलं, दोऱ्याचा रंग मिळत नाही, सगळं होत होतं. हे सोडून.

तो गुरुवार मात्र धाकटीनं ठरवून काढला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा पाठ केलं. छापखान्याच्या मागच्या गोदामात, कागदाच्या माणसाएवढ्या गुंडाळ्यांच्या मधे उभं राहून तिनं फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग आईचा आवाज आला, "अगं वेडे, ते मी केव्हाच उसवून टाकलं. दोरासुद्धा ठेवला नाही."

धाकटी गुंडाळीला टेकून रडली. परत जागेवर येऊन तिनं भूगोलाच्या पानावर तीन चुका तशाच सोडल्या; ते पुस्तक तसंच छापलं गेलं. त्यानंतर बाविसाव्या दिवशी आई मशीनवर बसल्या जागी गेली. इतक्या दुःखात धाकटीला एकच आधार होता, की सांगून झालं होतं. आईनं ऐकलं होतं. उसवून टाकलं होतं.

आणि आता समोर 'व'.

"या फोनचं बोलणं ऐकता येईल का?" तिनं खिडकीत विचारलं.

"तीस दिवसांनी पुसलं जातं." बाईंनी कागद पाहिला. "हा तर केव्हाच गेला."

"पण आई तेव्हा ऐकत असेल ना? म्हणजे वतीन बोलत असताना?"

"ऐकायची सोय आहे. 'ऐका' म्हणून बटण असतं."

"ते दाबलं होतं का?"

"त्याची नोंद आम्ही ठेवत नाही. खासगी बाब आहे." बाईंनी नाक पुसलं. "गोषवारा मात्र फोनमध्ये असेल."

दादानं खिशातून आईचा फोन काढला. गोषवाऱ्यांची लांबलचक रांग होती आणि जवळजवळ सगळे न उघडलेले. गुरुवारचाही. धाकटीनं तो उघडला. *मुलीचा फोन. जुन्या आठवणी. विशेष काही नाही.*

विशेष काही नाही. तिला त्या वाक्यात चूक सापडेना.

"आणि हे काय गं?" दादानं यादीवर जाड बोट ठेवलं. "इथे दोन्हीकडे व आहे."

"म्हणजे दोन्ही बाजूंनी सेवा वापरली गेली," बाई म्हणाल्या.

"म्हणजे दोन यंत्रंच गप्पा मारत बसली? बावन्न मिनिटं?" दादा इतक्या मोठ्यानं हसला की बाकावरची माणसं वळली. "काय बोलली असतील गं?" मग त्यानं धाकटीकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. अशा नऊ ओळी होत्या. सगळ्या रविवारच्या.

"रविवारी मी घरी मुद्रितं आणते," ती म्हणाली. "ढीग असतो."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तूही कधी तिला फोन केला नाहीस."

"मी वरच राहतो, बये. जिन्यावरून हाक मारली की झालं." तो उठला. "हे बघ, सही झाली, विषय संपला. आता दळत बसू नकोस. सातव्या मजल्यावर लोक अडकलेत माझे."

पण धाकटी दळत बसायलाच जन्मली होती. ती तिथून थेट दुकानात गेली.

दार उघडं होतं. काजवाली तिच्या जागेवर, खिडकीजवळच्या स्टुलावर, कुणाच्या तरी सदऱ्याला बटणं लावत बसली होती. चौदा वर्षं ती आईबरोबर होती. धाकटी तिला मावशी म्हणायची. दोघी वर्षभरात चार-पाच वेळा भेटायच्या आणि भेटल्या की काजवाली तिच्या अंगावरच्या शिवणी आधी तपासायची.

"बाह्या लांब आहेत तुझ्या," ती म्हणाली. "बस. दिलेल्या तारखांचे कपडे उरकतेय. लोकांना काय सांगू?"

धाकटी टेबलाच्या कडेला टेकली. मशीनवर कुणीतरी कापड झाकलं होतं. "मावशी, आई दुकानात असताना फोनवर वतीनबाई लावायची?"

"लावायच्या की. न लावून काय करतील? हात कधी मोकळे?"

"आणि मग? काम करत बसायची?"

"छे! ऐकत बसायच्या. बटण दाबून फोन त्या टेबलावर उभा करायच्या आणि रेडिओ ऐकावा तसं काम करता करता ऐकायच्या. मधेमधे शेरे मारायच्या. 'बघ, किती शहाण्यासारखी बोलते. मी असते तर एव्हाना भांडले असते.' एकदा म्हणाल्या, 'ही माझ्यापेक्षा बरी आई आहे.'" काजवालीनं दोरा दातानं तोडला. "गमतीनं हं."

आई ऐकत होती. "एक गुरुवार होता. दुपारी तीनच्या सुमाराला. मी बरंच बोलले होते."

"कोटाचं?"

काजवालीनं ते अगदी सहज म्हटलं. "तुला माहितीय?"

"इथेच तर बसले होते. नाटकवाल्यांचे झगे होते त्या दिवशी, बारा झगे, संध्याकाळपर्यंत द्यायचे. बाई पुतळ्यावर घेर बेतत होत्या. तुझा फोन आला. वतीनबाईनं घेतला. तू बोलायला लागलीस तसं मी मान खाली घातली. ऐकायला नको वाटत होतं गं. पण कान कुठे ठेवणार?"

"मग?"

"मग तू गप्प झालीस. वतीनबाई म्हणाली, 'ते मी केव्हाच उसवून टाकलं.' आणि बाई म्हणाल्या," काजवालीनं सुई सदऱ्यात खोचली, "'खोटं बोलतेय मेली.'"

बाहेर कुणीतरी सायकल टेकवून निघून गेलं. धाकटीनं खूप हळू विचारलं, "कोण?"

"कोण म्हणजे? बाई."

"तसं नाही. खोटं कोण बोलतंय म्हणाली? वतीनबाई की मी?"

"मला वाटलं, वतीनबाई. म्हणजे... उसवून टाकलं म्हणाली ना ती. बाईंनी कुठे उसवलं होतं? ते 'मॅडम'चं त्या मला दर हिवाळ्यात सांगायच्या."

"दर हिवाळ्यात?"

"कोट बाहेर निघाले की." काजवालीला बोलून गेल्याचं वाईट वाटलं असावं. "अगं, पण रागानं नाही. म्हणजे थोडं रागानंही."

"मग तिनं फोन का नाही घेतला? हातात घेऊन म्हणायचं मला, की नाही उसवलं."

"ते मी कसं सांगू?"

धाकटी खोलीत फिरू लागली. तीन पावलं टेबलापर्यंत, तीन परत. खोटं बोलतेय मेली. तिच्या धंद्यात असं वाक्य समोर आलं असतं तर तिनं समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाकडे परत पाठवलं असतं: कर्ता स्पष्ट करावा. आणि 'मेली'चं काय करायचं? आईची सुई तुटली की सुई मेली. दारात येऊन बसणारी मांजर मेली. आणि धाकटी शाळेत पहिली आली, तेव्हा आईनं प्रगतिपुस्तक उन्हात धरून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "सगळ्यात पहिली, मेली!" आईच्या तोंडी तो शब्द दोन्ही अंगांनी वापरता येईल अशा कापडासारखा होता.

तिला आणखी एक सुचलं आणि ती जागच्या जागी थांबली. "मावशी, माझ्याकडून मी बोलतेय की माझी वतीन, हे आईला कळायचं?"

"हो. रविवारी म्हणायच्या, 'आज दोघी वतीनी भेटल्यात, चल, आपण कामाला लागू.'"

"कसं कळायचं? कुणालाच कळत नाही."

"सोपं आहे म्हणायच्या." काजवाली जराशी हसली. "तू कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीस. मधेच घुसतेस. वतीन घुसत नाही, शेवटपर्यंत ऐकते. म्हणायच्या, 'इतकं मुकाट्यानं ऐकून घेतेय म्हणजे ही आपली नव्हे.'"

गुरुवारी ती मधे घुसली नव्हती. पाठ केलेलं होतं तेवढंच बोलली होती, एका दमात, पुस्तकातल्यासारखं. नंतर फोन कानाला लावून मुकाट्यानं उभी राहिली होती, आईला पुरं बोलू द्यायचं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणजे आईला वाटलं असेल की पोरीनं माफी मागायलाही वतीन पाठवली. खोटं बोलतेय मेली. म्हणजे ती. किंवा ती नव्हेच, तिची वतीन. किंवा आईची वतीन. किंवा आईला सगळं कळलं असेल, आणि तरीही. धाकटीला हे चार धागे वेगळे करता येईनात. एक ओढावा तर तिन्ही बरोबर येत होते.

"कशी म्हणाली?" तिनं विचारलं. "नीट आठव. रागानं? हसत? थकून? तोंड कसं होतं?"

काजवालीनं डोळे मिटून खरंच आठवून पाहिलं. मग मान हलवली. "कसं सांगू? बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या."

"टाचण्या?"

"झग्याचा घेर बेतत होत्या ना. ओठांत सात-आठ टाचण्या. टाचण्या असल्या की बाईंचं सगळं बोलणं एकाच पट्टीत. ओठ हलवायचे नाहीत, रागवायचं असो की लाड करायचे असोत. चौदा वर्षांत मला फक्त शब्द कळायचे. बाकीचं नंतर, टाचण्या काढल्यावर."

"आणि त्या दिवशी काढल्यावर काय म्हणाली?"

"काढल्याच कुठे? बारा झगे होते गं. अंधार पडेपर्यंत..." काजवालीचा आवाज बारीक झाला. "मी विचारायला हवं होतं."

टेबलावर टाचण्यांची गादी होती, काळी, जुनी, तारेच्या कड्याची. धाकटी तिच्यापाशी गेली. एक टाचणी उपसली, मग दुसरी. सात काढल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. लोखंडाची चव लागली.

"अगं गिळशील! वेडी का तू?"

धाकटीनं ओठ न हलवता ते वाक्य म्हटलं. शब्द जिभेच्या मागून, दातांच्या फटीतून आले. तिच्या कानाला ते आपले वाटले नाहीत, आईचेही वाटले नाहीत.

काजवालीनं हातातला सदरा खाली ठेवला होता. "असंच काहीसं," ती म्हणाली. "थोडं भरभर. बाई भरभर म्हणाल्या होत्या."

धाकटीनं भरभर म्हटलं.

"हं. पहिल्यांदा रागाचं वाटलं मला. आता नाही वाटलं." काजवाली स्टुलावरून पुढे झुकली. "तुला काय वाटलं गं म्हणताना?"

धाकटीनं हातानंच तिला थांब म्हटलं. टाचण्या ओठांत नीट बसवल्या आणि तेच पुन्हा म्हणून पाहिलं.